सोलापुरात समुद्री शैवाल: तणनाशक आणि मोरचुदाच्या चाचण्यांच्या नोंदी

हे काम आणखी कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून वहीतल्या नोंदी जरा नीट करून देतोय. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प. हाताशी कॉलेजचा ऑटोक्लेव्ह, एक बरा सूक्ष्मदर्शक, साधा सेंट्रिफ्यूज आणि ट्यूबलाइट लावलेलं लाकडी रॅक. एवढंच.

"सोलापुरात बसून समुद्राचं शेवाळ कशाला?" हे सगळ्यांनी विचारून झालंय. आपल्या फडातलं पाणी ओढ्याने सीनेत-भीमेत जातं, भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला. वाटेत श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. पाणी महिनोन्‌महिने अडतं. त्यामुळे मोहोळच्या उसातलं तणनाशक जसंच्या तसं आंध्रच्या किनाऱ्याला लागतं असा आमचा दावा नाही. आमचा प्रश्न लहान आहे: आपल्याकडे रोज फवारलं जाणारं कुठलं औषध समुद्री शैवालाला किती मात्रेला लागतं, आणि ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजता येतं का.

६ ऑगस्ट

कल्चर आलं. दोन जाती मागवल्या होत्या. ड्युनालिएला टर्शिओलेक्टा हिरवं, पोहणारं, सोशिक. आयसोक्रायसिस गाल्बाना सोनेरी-तपकिरी. कोळंबी आणि कालवांच्या हॅचरीत पिल्लांना खायला घालतात ते. कुरियर वाटेत रखडलं, नळ्या हाताला गरम लागत होत्या. ड्युनालिएलाला काही झालं नव्हतं. आयसोक्रायसिस मात्र फिकट पडून तळाला बसलेलं.

नळी आली की लगेच दिव्याखाली ठेवू नका. झाकण सैल करून एक दिवस मंद उजेडात राहू द्या, मग नव्या मीडियममध्ये (पोषकं घातलेल्या खाऱ्या पाण्यात) घाला. आम्ही तसंच केलं, आयसोक्रायसिस आठवडाभराने सावरलं.

आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "एकेक फ्लास्क घरी नेऊन ठेव. लॅबच्या भरवशावर राहू नकोस." तेव्हा हे जास्तच वाटलं होतं. घरी उत्तरेच्या खिडकीत दोन फ्लास्क ठेवले, आईला सांगितलं की याला हात लावायचा नाही आणि ओतून तर अजिबात द्यायचं नाही.

१० ऑगस्ट

खारं पाणी. घरचं आयोडीनचं मीठ वापरू नका, गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात आणखी काहीबाही घातलेलं असतं. मत्स्यालयाच्या दुकानात समुद्री मिठाचं पाकीट मिळतं, ते चालतं, पण महाग पडतं आणि त्यात नेमकं काय आहे हे पाकिटावर पुरतं लिहिलेलं नसतं. चाचणीसाठी आम्ही प्रयोगशाळेतले क्षार घेतले. लिटरला सोडियम क्लोराइड २४.५ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्यांचं) ११.१, सोडियम सल्फेट ४.१, पोटॅशियम क्लोराइड ०.७, सोडियम बायकार्बोनेट ०.२. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत. एकदम घातलं की पाणी दुधाळ होतं.

ऊर्ध्वपातित पाण्याचा प्रश्न होता. एमआयडीसीतून बॅटरीचं पाणी आणलं, कॅन स्वस्तात मिळाला. पीएच पट्टी बुडवली तर लाल. कॅनमध्ये आधी ॲसिड भरलेलं असणार. सगळं ओतून दिलं आणि आमच्याच विभागातल्या जुन्या धातूच्या डिस्टिलेशन भांड्याचं पाणी घ्यायला लागलो. हे भांडं लक्षात ठेवा, पुढे त्याची कथा आहे.

१६ ऑगस्ट

मीडियम म्हणजे गिलार्डचं एफ-टू, समुद्री शैवालासाठी जगभर हेच वापरतात: लिटरला सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, फॉस्फेट ५ मिलिग्रॅम, लोह, ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन), बाकीचे सूक्ष्म धातू, तीन जीवनसत्त्वं. सगळं एकत्र करून ऑटोक्लेव्हला लावलं आणि बाहेर काढलं तेव्हा तळाला पांढरा साका. तापवल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, फॉस्फेट आणि लोह खाली बसतं. शैवालाला खायला राहतं काय?

उपाय: नुसतं खारं पाणी ऑटोक्लेव्ह करा. पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो रात्रभर. मग पोषकांचे स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून घाला. फिल्टर महाग आहेत, पण इथे काटकसर करू नये.

२३ ऑगस्ट

मोजणी. न्यूबाउअर चेंबरमध्ये एक चौरस मिलिमीटरचा चौकोन, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे त्यात दिसलेल्या पेशी गुणिले दहा हजार इतक्या एका मिलिलिटरमध्ये. ऐकायला सोपं आहे. पण ड्युनालिएलाला दोन कशाभिका (पोहायच्या शेपट्या) असतात आणि ते एका जागी थांबत नाही. चौकोनाच्या डाव्या रेषेतून शिरतं, गिरकी घेतं, मोजून झालेल्या घरात जाऊन बसतं. माझे आणि पार्टनरचे आकडे एकाच थेंबाचे असून जुळेनात. लुगॉलचं आयोडीन एक थेंब घातलं की पेशी जागच्या जागी थांबतात, तपकिरी होतात, स्पष्ट दिसतात. मोजायला वेगळा काढलेल्या नमुन्यातच घालायचं, फ्लास्कमध्ये नाही. आयोडीनचं पिपेटही वेगळं ठेवा.

दुसरी गोष्ट: चाचणी मिलिलिटरला दहा हजार पेशींपासून सुरू करतात. त्या मात्रेला अख्ख्या चौकोनात सरासरी एक पेशी दिसणार. अशी मोजणी करून काही अर्थ नाही. दाट कल्चर मोजा आणि हिशोबाने पातळ करा.

३० ऑगस्ट

सकाळी रॅकवरचे ड्युनालिएलाचे सगळे मोठे फ्लास्क स्वच्छ. आदल्या संध्याकाळी गर्द हिरवे होते. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब घेतला तर केसाळ, फुगलेले सिलिएट जीव भराभर पळतायत आणि प्रत्येकाच्या पोटात हिरवे ठिपके. एका रात्रीत फस्त. बहुधा एकच पिपेट फ्लास्कांमधून फिरली होती.

घरच्या खिडकीतलं कल्चर कामी आलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या.

९ सप्टेंबर

औषधाला अजून हात लावलेला नाही. आधी कंट्रोल नीट वाढायला हवा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीत अट आहे की बिनऔषधाच्या फ्लास्कमध्ये ७२ तासांत पेशी किमान सोळा पट व्हाव्यात. ती पद्धत गोड्या पाण्याच्या शैवालासाठी आहे, समुद्रीसाठी आयएसओ १०२५३ आहे, पण वेगाची अपेक्षा जवळपास तीच. आमचं ड्युनालिएला तीन दिवसांत जेमतेम पाच पट होत होतं.

कारणं एकेक करून काढली. उजेड कमी होता: रॅकच्या मधल्या भागात ठीक, कडेला अर्धा. मोबाइलवरच्या लक्स मीटरने ढोबळ कळतं, तेवढं पुरतं. जुन्या ट्यूबा काढून एलईडी लावल्या आणि फ्लास्क रोज फिरवायला लागलो. एलईडीचा दुसरा फायदा म्हणजे चोकची उष्णता गेली, वरच्या फळीवर पारा ३३ वर जायचा तो खोलीच्या तापमानाला आला. दिवसातून दोनदा वीज जाते त्यावर काही इलाज नाही. कॉलेजचा इन्व्हर्टर कार्यालयापुरता आहे.

सगळ्यात मोठा फरक बियाण्याने पडला. आम्ही पंधरा दिवसांचं म्हातारं कल्चर घालत होतो. तीन-चार दिवसांचं, जोमात वाढणारं कल्चर घातलं आणि अट पहिल्यांदा पार झाली. आयसोक्रायसिस सोळा पटीला पोचत नाही, थोडं मागे राहतं. म्हणून तणनाशकाला ड्युनालिएलाच घ्यायचं ठरलं.

१७ सप्टेंबर

मोहोळला काकांकडे गेलो. आडसाली उसाला लागणीनंतर मारून उरलेलं ॲट्राझीन या तणनाशकाचं पाकीट होतं, ५० टक्के पावडर. काका म्हणाले, "एकराच्या हिशोबानं मारतो आम्ही, अन् तू चिमटीभर तोलायलास होय?"

चिमटीभर तोलण्यातच घोटाळा झाला. तराजूला बरं पडावं म्हणून २०० मिलिग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात घातली, म्हणजे शुद्ध ॲट्राझीन १०० मिलिग्रॅम. त्यातून पातळ करत फ्लास्क भरले. तिन्ही जोड्यांचे आकडे तीन दिशांना. एकाच मात्रेत एक फ्लास्क हिरवा, शेजारचा फिक्का. कारण साधं निघालं: ॲट्राझीन पाण्यात लिटरला ३३ मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं. बाकीचं तरंगत होतं, बसत होतं, आणि पिपेटमध्ये कधी जास्त कधी कमी येत होतं. पंपात हे चालतं, कारण शेतकरी ढवळत राहतो. फ्लास्कमध्ये नाही चालत.

आता २० मिलिग्रॅम पावडर लिटरला, म्हणजे शुद्ध १० मिलिग्रॅमचा स्टॉक. रात्रभर ढवळून, पावडरीतली माती बसू देऊन वरचं निवळ घ्यायचं. तोलायला रसायनशास्त्र विभागाचा चार दशांशांचा तराजू मागून आणला. अल्कोहोल, ॲसिटोन काही वापरलं नाही, या मात्रांना गरजच पडत नाही आणि द्रावकाचा वेगळा कंट्रोल लावायचा त्रास वाचतो.

हेही लिहून ठेवतो: आम्ही तपासतोय ते दुकानातलं पाकीट, शुद्ध रेणू नव्हे. पाकिटात पसरण्यासाठी साबणासारखी द्रव्यं असतात, त्यांचाही थोडा वाटा असू शकतो. शुद्ध नमुना परवडला नाही.

२६ सप्टेंबर

मात्रा: लिटरला ३.२, १०, ३२, १०० आणि ३२० मायक्रोग्रॅम. प्रत्येकी तीन फ्लास्क, कंट्रोलचे सहा. चाचणीपुरता चोवीस तास उजेड.

३.२ आणि १० कंट्रोलपासून वेगळे काढता येत नाहीत. ३२ ला वेग किंचित उतरलेला. १०० ला निम्म्याच्या आसपास. ३२० ला वाढ जवळजवळ बंद, पण पेशी मेलेल्या नाहीत, पोहतायत. हे मला अपेक्षित नव्हतं. विष म्हणजे पेशी फुटणार, तळाला बसणार असं डोक्यात होतं. ॲट्राझीन मारत नाही, प्रकाशसंश्लेषण अडवून उपाशी ठेवतं.

हिशोबाची एक अडचण, यात आमचे दोन दिवस वादात गेले. दहा हजारांचे तीन दिवसांत एक लाख साठ हजार झाले तर वाढीचा वेग दिवसाला ०.९२. औषधाच्या फ्लास्कमध्ये चाळीस हजारच झाले तर वेग ०.४६, म्हणजे बरोबर निम्मा. पण पेशींची संख्या मात्र चौथा हिस्सा. पार्टनर म्हणाला ७५ टक्के घट, मी म्हणालो ५० टक्के, आणि दोघंही बरोबर होतो. कुठल्या हिशोबाने बोलताय ते प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. दुसऱ्याच्या निष्कर्षाशी ताडून बघताना तर आधी तेच पाहा.

४ ऑक्टोबर

इमिडाक्लोप्रिड, हे कीटकनाशक. कापूस, द्राक्ष, भाजीपाला सगळीकडे मारतात म्हणून घेतलं. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत गेलो, म्हणजे ॲट्राझीनने वाढ बंद पाडली त्याच्या तिप्पट. काही नाही. कंट्रोलसारखंच हिरवं.

यात नवल नाही, ते कीटकाच्या मज्जासंस्थेवर काम करतं आणि शैवालाला मज्जासंस्था नाही. पण तोंडी परीक्षेत लोक 'कीटकनाशक' म्हटलं की सगळं पाण्यातलं मरतं असं धरून चालतात. शैवालाच्या बाबतीत तणनाशक आणि तांबं यांच्याकडे आधी बघायला हवं. तेच इमिडाक्लोप्रिड कोळंबीच्या पिल्लांच्या टाकीत गेलं तर गोष्ट वेगळी, कोळंबी कीटकाच्या गोतावळ्यातली आहे.

१३ ऑक्टोबर

पावसाची मोठी झड येऊन गेल्यावर हत्तरसंग कुडलला गेलो, सीना-भीमेच्या संगमावर. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, तो बघायला आलेल्या मंडळींनी आमच्या बाटल्या बघून विचारलं की तीर्थ न्यायला आलात का. सीनेचं पाणी गढूळ, भीमेचं त्या मानाने निवळ.

ते पाणी गाळून, खाऱ्या मीडियममध्ये अर्धंअर्धं मिसळून चाचणी लावली. वाढ मंदावली. आम्ही खूश. मग क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला तर क्षारता हजारी ३५ वरून १७ वर. गोडं पाणी अर्धं घातल्यावर दुसरं काय होणार! नदीच्या पाण्यातच कोरडे क्षार विरघळवून ते ३५ ला आणायचं, मग तुलना.

तसं केलं तर उलटाच प्रकार. पोषकं न घालता लावलेल्या फ्लास्कमध्ये नदीचं पाणी कंट्रोलपेक्षा हिरवं. शेतातला युरिया आणि बाकीची खतं त्याच पाण्यातून येतात, ती शैवालाला पावतात. दोन्हीकडे पूर्ण एफ-टू घातल्यावर फरक मिटला. म्हणजे त्या दिवशी त्या जागी आमच्या चाचणीला दिसेल एवढं तणनाशक नव्हतं. नदी स्वच्छ आहे असं यावरून ठरत नाही. रेणूनिहाय तपासणीला खाजगी प्रयोगशाळा एका नमुन्याचे काही हजार घेते, ते आमच्या बजेटबाहेर.

नोव्हेंबर, तांब्याचा महिना

सांगोल्याचं डाळिंब आणि पंढरपूरकडची द्राक्षं म्हटली की बोर्डो आलंच. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटरला किलो मोरचूद आणि किलो चुना. तेल्या, डाऊनी या रोगांसाठी, छाटणीनंतर. मोरचुदात तांबं साधारण २५.५ टक्के. ॲट्राझीन कालांतराने मोडतं, तांबं मूलद्रव्य आहे, ते मोडून जाणार कुठे?

यासाठी आयसोक्रायसिस घेतलं. सोळा पटीची अट सोडून द्यावी लागली, हे अहवालात स्पष्ट लिहिलंय. तांब्याच्या मात्रा १०, ३२, १००, ३२० मायक्रोग्रॅम. तीन दिवसांनी सगळे फ्लास्क एका रंगाचे. पार्टनर ओरडला, "मोरचूद काहीच करत नाही बे!"

मॅडमनी एकच विचारलं, "ईडीटीए किती आहे तुमच्या मीडियममध्ये?"

मग हिशोब मांडला. एफ-टूमध्ये लिटरला ४.३६ मिलिग्रॅम ईडीटीए, म्हणजे ११.७ मायक्रोमोल. एक ईडीटीए एक धातू धरतो. तेवढ्याने लिटरमागे सुमारे ७४० मायक्रोग्रॅम तांबं बांधलं जाऊ शकतं. आमची सगळ्यात मोठी मात्रा ३२०. शैवालापर्यंत मोकळं तांबं पोचतच नव्हतं. लोह विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए घालतात, आणि तेच तांब्याची चाचणी खोटी पाडत होतं. ॲट्राझीनला हे लागू नाही, ईडीटीए त्याला धरत नाही.

ईडीटीए काढून पुन्हा लावलं. आता सगळेच फ्लास्क फिके, कंट्रोलसकट. आधी लोह बसलं असेल म्हणून थोडं जास्त घातलं, उपयोग नाही. काचसामान १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून धुतलं, थोडा फरक, पुरेसा नाही. कल्चरच बिघडलं असेल म्हणून घरचं आणलं, तेही दोन दिवसांत मान टाकून मोकळं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा बहुतेक वेळ यातच गेला.

लॅबमधले मामा सिंक धूत होते. आमची चर्चा ऐकून म्हणाले, "पाणी त्या भांड्याचं घेताय नव्हं? त्याची कल्हई उडून जमाना झाला. आतून तांबडं दिसायलंय."

झाकण काढून टॉर्च मारला. खरंच. भांडं तांब्याचं, आतली कल्हई जागोजाग गेलेली, तोटी पितळी, तिच्या तोंडाशी हिरवट थर. आम्ही ऑगस्टपासून तांब्याचं पाणी वापरत होतो, आणि ईडीटीएने ते झाकून ठेवलं होतं. ईडीटीए काढल्याबरोबर कंट्रोलमध्येच विषाची मात्रा तयार.

रसायनशास्त्र विभागाकडून काचेच्या भांड्याचं पाणी मागून आणलं. कंट्रोल वाढला, पूर्ण एफ-टूपेक्षा हळू, पण तिन्ही फ्लास्क एकसारखे. मग तांबं: १० ला विशेष काही नाही, ३२ ला वेग स्पष्ट उतरलेला, १०० ला वाढ थांबली आणि पेशी तळाला बसल्या. पूर्ण मीडियममध्ये ३२० ला जे तरतरीत होतं ते इथे १०० ला संपलं. ॲट्राझीनची मालिकाही काचेच्या पाण्यात पुन्हा लावून पाहिली, निकाल तेच राहिले.

यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, ईडीटीए नसलेला आकडा खरा. त्यांचं म्हणणं, समुद्राच्या पाण्यातही सेंद्रिय द्रव्यं असतात, ती तांब्याला बांधतात, त्यामुळे माझा आकडा वास्तवापेक्षा कडक आहे. खाडीत कुजलेला पाला-गाळ जास्त, तिथे बांधलेलं तांबं जास्त. अहवालात दोन्ही आकडे दिलेत आणि शेजारी मीडियम लिहिलंय. ज्या अहवालात तांब्याची मात्रा आहे आणि ईडीटीएचा उल्लेख नाही, त्यावर मी तरी आता विश्वास ठेवत नाही.

११ डिसेंबर

शेतातून येणारं औषध सतत येत नाही, पावसाच्या झडीबरोबर येतं आणि जातं. म्हणून सावरतं का ते बघितलं. ३२० मायक्रोग्रॅम ॲट्राझीनमध्ये तीन दिवस राहिलेलं ड्युनालिएला सेंट्रिफ्यूजने खाली बसवून स्वच्छ मीडियममध्ये घातलं. कंट्रोलही तसाच फिरवून घ्यायचा, नाहीतर फिरवण्याचा धक्का कुठला आणि औषधाचा कुठला ते कळत नाही. वेग कमी ठेवा, ड्युनालिएलाला कडक पेशीभित्तिका नसते.

पहिल्या खेपेला पार्टनरने पेशी साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुतल्या. सगळ्या फुटल्या, नळीत नुसतं हिरवं पाणी. धुवायचं ते ३५ च्या खाऱ्या पाण्यानेच.

नीट केल्यावर: ॲट्राझीनमधून काढलेलं एक दिवस रेंगाळलं, मग कंट्रोलच्या वेगाने वाढायला लागलं. तांब्याच्या १०० मधून काढलेल्या आयसोक्रायसिसच्या तीन फ्लास्कांपैकी एकच, तोही रडतखडत. इतक्या थोड्या फ्लास्कांवरून मोठं विधान करणार नाही. पण ॲट्राझीनची पकड सुटते हे जुळतं, ते प्रकाशसंश्लेषणाच्या ज्या प्रथिनाला अडवतं त्याला कायमचं चिकटत नाही.

व्हायव्हामध्ये विचारतीलच म्हणून: युरोपीय संघाने ॲट्राझीन २००४ मध्ये बंद केलं ते भूजलात सापडत होतं म्हणून. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसाच्या पट्ट्यातलं डाययुरॉन ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात जातं, तिथल्या नियामकाने २०११-१२ मध्ये त्याच्या वापरावर बंधनं घातली. डाययुरॉनही ॲट्राझीनच्याच जागी घाव घालतं. ऊस तिथेही आणि इथेही, एवढं साम्य पुरेसं आहे, जास्त ताणू नये.

१९ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत कॉलेजला कुणी फिरकत नव्हतं, आवराआवर करायला बरं पडलं.

खर्च, साधारण: न्यूबाउअर चेंबर हजाराच्या आत, रिफ्रॅक्टोमीटर बाराशे, एलईडी ट्यूबा आणि टायमर मिळून दीड हजार, सिरिंज फिल्टर सगळे मिळून दोन हजारांच्या वर गेले. कल्चर आणि कुरियर वेगळं. क्षार आणि काचसामान कॉलेजचं. बॅटरीचं पाणी आणि मत्स्यालयाचं मीठ हा खर्च वाया. पैशांपेक्षा वेळ जास्त गेला, आणि तो बहुतेक पाण्यापायी. आता सुरू करायचं झालं तर पहिल्या दिवशी काचेच्या भांड्याचं पाणी घेऊन, ईडीटीए न घालता आयसोक्रायसिस तीन दिवस वाढवून बघेन. वाढलं तर पाणी चांगलं. याला एक पैसा लागत नाही.

उरलेलं औषध सिंकमध्ये ओतलं नाही. ॲट्राझीनची द्रावणं सक्रिय कोळशावरून गाळली, कोळसा बंद डब्यात घालून, वर लेबल लावून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात दिला. तांब्याच्या द्रावणात चुन्याची निवळी घालून तांबं साक्यात उतरवलं, साका त्याच कचऱ्यात. धातूच्या डिस्टिलेशन भांड्यावर 'शैवालासाठी वापरू नये' अशी चिठ्ठी लावलीय. मामा म्हणाले, कल्हईवाला मिळाला तर बघतो.

काकांनी मेट्रिब्युझीन या दुसऱ्या तणनाशकाचं पाकीट दिलंय. ते पाण्यात लिटरला ग्रॅमभर विरघळतं, त्यामुळे स्टॉकची कटकट नाही. पुढच्या बॅचची एक मुलगी ते करणार आहे, कल्चर आणि ही वही तिच्याकडे दिली. घरच्या खिडकीतले दोन फ्लास्क तिलाही ठेवायला सांगितलेत.